३६०० मिलिमीटरची वाटणी

पुण्यातील एका चारमजली कार्यालयाच्या उत्तरेकडील दर्शनी भागाचे काम माझ्याकडे आले, तेव्हा काचांची विभागणी सुवर्णगुणोत्तरात (साधारण १ : १.६१८) करायची, हे मी जवळजवळ ठरवूनच टाकले होते. एका स्लॅबपासून दुसऱ्या स्लॅबपर्यंतची उंची ३६०० मिलिमीटर होती. तिला १.६१८ ने भागले की २२२५ ची पारदर्शक काच मिळते आणि उरलेल्या १३७५ मध्ये स्लॅब व तुळई झाकणारी, मागून रंगवलेली काच बसते. रुंदीही १३७५ धरली, तर पहिली काच सुवर्ण आयत होते, दुसरी अचूक चौरस, आणि २२ मीटर लांबीत बरोबर १६ खाने मावतात. कागदावर एवढे जुळल्यावर शंका कोणाला येणार?

पहिली कुरकुर सांध्यांनी केली. सांधे भरणाऱ्या सिलिकॉनसाठी १५ मिलिमीटर सोडले की प्रत्यक्ष काच १३६० बाय २२१० उरते आणि गुणोत्तर १.६२५ वर जाते. दोन्ही बाजूंतून सारखेच वजा केल्यास चौरस चौरसच राहतो, आयत मात्र बदलतो, हे शाळेतले गणित मी विसरले होते. एवढा फरक डोळ्याला कळत नाही, म्हणून मी तो सोडून दिला.

खरी अडचण काचा कापून तयार करणाऱ्या फॅब्रिकेटरने दाखवली. आम्हाला मिळणारी शीट २४४० बाय ३६६० ची होती. "मॅडम, रुंदीत एकच काच निघते. उरलेल्या पट्टीचं करायचं काय?" असे म्हणत त्याने माझ्याच नकाशाच्या पाठीवर शीट आखून दाखवली. सुमारे ४५ टक्के काच वाया जात होती; आणि टफन केलेली, म्हणजे तापवून झटकन थंड करून मजबूत केलेली काच नंतर कापता येत नसल्याने साइटवर जुळवून घेण्याची सोयही नव्हती.

मग मी वास्तुविशारद आय. एम. पेई यांच्या, १९८९ मध्ये खुल्या झालेल्या, पॅरिसमधील लूव्हर संग्रहालयाच्या काचेच्या पिरॅमिडची रेखाटने पुन्हा काढून बसले. तिथल्या बहुतेक काचा समभुज चौकोनी आहेत, कारण जोडरेषा पिरॅमिडच्या तिरक्या कडांना समांतर धावतात. म्हणजे विभागणी मूळ आकारातूनच निघालेली आहे. माझ्यापुरता तो मूळ आकार शीटचा होता. रुंदी १२०० घेतली की ३६०० ची वाटणी २४०० आणि १२०० अशी होते: एक दुप्पट उंचीचा आयत, एक चौरस, आणि एका शीटमधून दोन्हींच्या दोन-दोन काचा.

१८ खान्यांचे २१.६ मीटर झाले (पिरॅमिडची उंचीही साधारण तेवढीच, हा निव्वळ योगायोग). उरलेले ४०० मिलिमीटर मी दोन टोकांना २००-२०० च्या दगडी पट्ट्यांत जिरवले. त्या पट्ट्या मला आजही खटकतात.