गडद रंग, आडवा उजेड

नोव्हेंबरातला रविवार. हॅम्बुर्गमध्ये दुपारचा एक, म्हणजे पुण्यात साडेपाच. आईचा व्हिडिओ कॉल आला आणि पहिलंच वाक्य, “अगं, भिंतीला देवी आल्यात की काय?”

बावधनच्या नव्या फ्लॅटमध्ये हॉलच्या एका भिंतीला आदल्या दिवशी गडद रंग दिला होता. दौतीतल्या शाईसारखा निळा. रंग मी निवडलेला, इथे बसून, फोनवर शेडकार्ड बघून. आईने फोन भिंतीकडे वळवला. बाल्कनीच्या दारातून मावळतीचं ऊन भिंतीला घासून आत येत होतं आणि भिंतीचं सगळं अंतरंग बाहेर आलं होतं. स्विचबोर्डापासून वर छतापर्यंत एक उभा पट्टा फुगलेला. बीमखाली सरळ आडवी रेघ. आणि सगळीकडे थापीचे गोल गोल फटकारे, सडा टाकलेल्या अंगणात खराटा फिरवल्यावर उमटतात तसे. पांढऱ्या प्रायमरवर हीच भिंत आठवडाभर सगळ्यांनी पाहिली होती, तेव्हा ती काचेसारखी वाटली होती.

बाबा मागून म्हणाले, “रंगाऱ्याने वाट लावली.” मलाही क्षणभर तसंच वाटलं.

पण मला हा रंग आवडला कुठे? इथल्या एका सहकारी मैत्रिणीच्या घरी. तिच्या जेवणाच्या खोलीत अशीच एक निळी भिंत आहे, डोहासारखी शांत. मग तिची भिंत तशी आणि आमची अशी का, हे मला जाणून घ्यायचं होतं. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक आजोबा राहतात. आयुष्यभर रंगारी होते. या देशात रंगकामाचं रीतसर शिक्षण असतं, तीन वर्षांचं, आणि त्यापुढची परीक्षा देऊन ‘माइस्टर’ होता येतं. आजोबा तसे माइस्टर. संध्याकाळी आईचा व्हिडिओ घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी तो दोनदा पाहिला आणि एकच शब्द उच्चारला, “श्ट्राइफलिश्ट.”

भिंतीला चाटून जाणारा उजेड. आडवा उजेड.

मग ते उठून आमच्या घरी वर आले. हातात एक छोटा एलईडी दिवा. माझ्या पॅसेजमध्ये एक साधी पांढरी भिंत आहे, सात वर्षं मी तिच्यासमोरून ये-जा करते. त्यांनी घरातले दिवे मालवले, तो दिवा भिंतीला चिकटवून आडवा धरला आणि पेटवला. माझी गुळगुळीत भिंत एका क्षणात टेकड्या-दऱ्यांची झाली. दिवा हातभर मागे घेऊन समोरून धरला, तर पुन्हा सपाट. भिंत तीच होती.

हिशेब साधा आहे. भिंतीवर एक मिलिमीटरचा उंचवटा असेल आणि उजेड भिंतीशी पाच अंशांचा कोन करून आला, तर त्याची सावली साधारण 11 मिलिमीटर लांब पडते. बोटाला जे जेमतेम लागतं ते डोळ्याला ठळक दिसतं. पांढऱ्या भिंतीवर ही सावली बरीचशी विरून जाते, कारण पांढरा रंग उजेड सगळीकडे उधळतो. समोरच्या भिंती, छत, फरशी एकमेकींना उजेड देत राहतात आणि त्या सावल्या भरून निघतात. गडद रंग उजेड पिऊन टाकतो. उरते ती फक्त रंगाच्या पापुद्र्याची चकाकी, आणि ती प्रत्येक चढउताराला वेगळ्या कोनातून डोळ्यात येते. म्हणूनच रंगात थोडी जरी तुकतुकी असेल तर भिंत आरशासारखी चुगली करते. आम्ही सॅटिन फिनिश घेतला होता, पुसायला सोपा म्हणून.

हॅम्बुर्गला डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम 13 अंश वर येतो. पुण्यात तेव्हा 48 अंश. इथे हिवाळ्यात ऊन पडलंच तर ते आडवंच पडतं, खोलीच्या पार टोकापर्यंत. पुण्यात हा खेळ रोज संध्याकाळी तासभर, आणि आमचा फ्लॅट पश्चिमेचा.

इथल्या जुन्या घरांच्या भिंतींवर एक खरबरीत कागद दिसतो, राउफाझर म्हणतात. कागदाच्या थरांत लाकडाचा चुरा घालून केलेला. वुपरटालच्या ह्यूगो एरफुर्ट नावाच्या औषधविक्रेत्याने 1864 मध्ये तो काढला. इथे राहायला आले तेव्हा मला तो अजिबात आवडला नव्हता, नव्या घराला असा पुरळ कशाला, असं वाटायचं. आता कळतं. त्या बारीक उंचवट्यांच्या गर्दीत भिंतीचे सगळे दोष लपतात. आपल्याकडे बाहेरच्या भिंतीला दाणेदार सनला गिलावा करतात, त्यातही हा गुण असतोच. माझं आजोळ सदाशिव पेठेतल्या वाड्यात. तिथल्या चुन्याच्या भिंती हात फिरवला तर लाटांसारख्या लागायच्या, दिवाळीआधी त्यांवर निळीचा थेंब टाकलेली सफेदी चढायची, आणि त्या वाकड्या आहेत असं कुणाच्या कधी मनातही आलं नाही. उजेड लहान खिडकीतून यायचा, भिंत पांढरी, खोली सुंदर.

आजोबांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली, आणि या लेखाचं कारण खरं तर तीच आहे. जर्मनीत जिप्सम बोर्डांच्या भिंतींच्या सफाईला चार पायऱ्या ठरलेल्या आहेत: क्यू 1 ते क्यू 4. पहिलीत फक्त सांधे भरायचे, वर टाइल लागणार असेल तर तेवढं पुरतं. दुसरी नेहमीची; करारात काही लिहिलं नसेल तर हीच धरतात. तिसरीत सांधे रुंद ओढून सगळ्या पृष्ठभागाची बारीक छिद्रंही बुजवायची. चौथीत अख्ख्या भिंतीवर सलग थर ओढायचा. तुकतुकीत रंग किंवा आडवा उजेड असेल तर चौथी मागा, आणि दिवे कुठे लागणार हे कारागिराला आधीच सांगा, असा नियम. चौथीतही आडव्या उजेडात एखादी पुसट सावली दिसू शकते, हेही त्यातच लिहिलेलं. भिंतीच्या सपाटीचं वेगळं मानक आहे, डिन 18202. त्यात साध्या तयार भिंतीला 1 मीटरमध्ये 5 मिलिमीटर आणि 4 मीटरमध्ये 10 मिलिमीटर इतका फरक चालतो. म्हणजे कागदावर बिनचूक असलेली भिंतसुद्धा साडेपाचच्या उन्हात आणि गडद रंगात रोगट दिसू शकते.

मैत्रिणीच्या भिंतीला चौथ्या पायरीचं काम होतं. त्या एका भिंतीचे पैसे तिने वेगळे मोजले होते.

डिसेंबरात तीन आठवडे पुण्याला गेले. रंगारी मामांना मी आधीच फोन करून बोलावलं होतं. लातूरकडचे, पन्नाशीचे, मोजकं बोलणारे. ते आले, बाबांकडे न बघता भिंतीकडे बघत उभे राहिले. त्यांना वाटत होतं की आता ऐकून घ्यावं लागणार. मी चहा दिला आणि बॅगेतला दिवा काढून भिंतीला आडवा धरला. त्यांनी माझ्या हातातून तो घेतला, स्वतः खालून वर, डावीकडून उजवीकडे फिरवला. मग म्हणाले, “भिंत वाकडी नाही ताई, उजेड आडवा आलाय.” थोडं थांबून, “गिलावा बिल्डरच्या माणसांचा, रंग माझा. मधलं कोण बघणार? मी लांबीचे (पुट्टीचे) दोन हात मारले, सगळ्या घराला मारतो तसे. ही भिंत काळी होणार हे मला रंगाचे डबे आले तेव्हा कळलं.”

ते खरंच होतं. पांढरे डबे आणि निळे डबे एकाच दिवशी आले होते, आणि कुणीच त्यांना आधी काही सांगितलं नव्हतं. मीही नाही. जर्मनीत ज्या गोष्टीसाठी चार पायऱ्या लिहून ठेवल्यात, तीच गोष्ट मामांनी एका प्रश्नात विचारली होती: मधलं कोण बघणार?

मग आम्ही ॲल्युमिनियमची दोन मीटरची पट्टी भिंतीला लावली. स्विचबोर्डाच्या वर, जिथे वायरीसाठी झिरी मारून नंतर बुजवली होती, तिथे पट्टी ताटाएवढ्या फुगवट्यावर बसून डुलत होती. बाजूला पट्टीखालून रुपयाचं नाणं अलगद सरकलं. बाबांनी ते नाणं स्वतः दोनदा सरकवून पाहिलं. त्यानंतर त्यांनी रंगाऱ्याला दोष दिला नाही. बीमखालची रेघ वेगळीच होती. तिथे काँक्रीट संपून ब्लॉकची भिंत सुरू होते आणि सांध्यावर केसासारखी चीर गेली होती.

बिल्डरच्या माणसाचं म्हणणं असं की ताब्याच्या वेळी पांढऱ्यावर भिंत बरी होती, गडद रंग तुम्ही लावला. फुगवट्याबाबत मी वाद घातला नाही. चिरेबाबत मात्र लेखी कळवलं. रेरा कायदा 2016 च्या कलम 14 प्रमाणे ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष दाखवून दिला तर बिल्डरने तो 30 दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. तारखेसह फोटो पाठवले आणि माणूस आला. परदेशात राहून घर घेणाऱ्यांनी हे पाठच करावं. फोनवर बोलू नका, लिहा.

भिंतीचं काम नऊ दिवस चाललं. मी ते जवळून पाहिलं म्हणून सांगते, यात निळ्या रंगाचा आणखी एक हात मारून काहीही साधत नाही. उलट प्रत्येक हाताबरोबर चकाकी वाढते. मामांनी आधी सगळा रंग घासून खरबरीत केला, कारण तुकतुकीत रंगावर लांबी धरत नाही. फुगवटा कापून काढला. त्याच्या आजूबाजूला जवळजवळ हातभर लांबपर्यंत उतार देत भरणं केलं. मग रुंद पात्याने अख्ख्या भिंतीवर पातळ थर, एक उभा, वाळल्यावर एक आडवा. घासताना त्यांचा पोरगा दिवा आडवा धरून उभा राहायचा आणि मामा सावलीच्या मागे पॉलिश पेपर फिरवायचे. पांढऱ्या धुळीत त्यांच्या भुवया पिकल्यासारख्या दिसायच्या. मी मास्क आणून दिले, पहिल्या दिवशी खिशात राहिले, दुसऱ्या दिवशी मी समोर उभी राहून घालायला लावले. इतकी वर्षं ही धूळ त्या माणसाच्या छातीत जातेय, याचं मला फार वाईट वाटलं.

दिव्यांचं काम आमच्याकडे राहिलं. फॉल्स सीलिंगमध्ये भिंतीपासून दोन बोटांवर एलईडीची पट्टी बसवली होती, रात्री तोच आडवा उजेड वरून खाली ओतायला. ती बंद केली. बाबा आणि मी तापकीर गल्लीत जाऊन खोलीच्या मध्यावर लावायचा दुधी काचेचा दिवा आणला. बाल्कनीला पातळ पडदा लावला, तेवढ्यानेही ऊन मऊ झालं. रंग तोच ठेवला, फक्त सॅटिनऐवजी मॅट. मॅट गडद भिंतीला कपड्याचा, बॅगेचा घासा लागला की चमकदार चट्टा उठतो, तो पुसून जात नाही. म्हणून सोफा वीतभर पुढे ओढला.

निळ्या रंगाआधी करडा प्रायमर दिला. गडद छटांच्या रंगात पांढरं रंगद्रव्य फार कमी असतं, त्यामुळे तो खालचं झाकत नाही. करड्यावर दोन हातांत भागतं, पांढऱ्यावर तीन-चार लागतात. आणि करड्यावर दोषही दिसतात. रंग लावायच्या आधी बघायची ती शेवटची संधी. माझं विमान त्याच रात्रीचं होतं. साडेपाचला पडदा सारला, ऊन आत आलं, आई-बाबा, मामा, त्यांचा पोरगा आणि मी सगळे भिंतीकडे बघत उभे. उभा पट्टा गेला होता. आडवी रेघ नव्हती. खिडकीच्या कोपऱ्यात पोळीएवढी एक सावली उरली होती. आईने ती पाहिली, बोलली नाही. मामांनी खिशातून पेन्सिल काढून तिच्याभोवती गोल केला.

“रंग चढल्यावर हे काढायचं म्हटलं तर एवढा तुकडा मारून चालत नाही, ठिगळ दिसतं,” ते म्हणाले. “मग या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत. आत्ता काढतो.”

मी निघाले तेव्हा ते पुन्हा पात्याला लांबी लावत होते.

हॅम्बुर्गला पोहोचून पाच दिवस झाले असतील. सकाळी ऑफिसला जाताना ट्रेनमध्ये मामांचा फोटो आला. निळी भिंत, खिडकीचा तोच कोपरा, भिंतीला टेकवलेला दिवा आणि दिवा धरलेला रंगाने माखलेला हात. खाली एक ओळ. “ताई, उजेड आडवाच धरलाय.”