कृतिदेव ते युनिकोड, नोंद ४: बारा वर्षांपूर्वीच्या कोडसोबत तीन रविवार

मंडळी, गेल्या नोंदीत म्हटलं होतं की जुना प्रोग्रॅम आता पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या ३ आवृत्तीवर आणायला घेतो. तीन रविवार बसलो आणि काम बरंच पुढे सरकलं. वाटेत जे घडलं ते मात्र अपेक्षेपेक्षा फार वेगळं होतं, म्हणून या वेळी जरा सविस्तर लिहितोय.

नव्यांसाठी थोडक्यात. बाबांनी निवृत्तीनंतर गावाच्या आठवणी टाइप केल्या, ४३ फाइली, सगळ्या कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये. अशा फाइलीत प्रत्यक्षात रोमन अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना देवनागरीचं रूप देतो. फॉन्ट काढला की उरते गिचमिड. २०१३ साली मी पायथन २ मध्ये रूपांतराचा प्रोग्रॅम लिहिला, फाइली युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतःचे क्रमांक देणाऱ्या सर्वमान्य पद्धतीत, आणल्या आणि विषय मागे पडला. १ जानेवारी २०२० ला पायथन २ चा आधारही संपला. यंदा कपाटातल्या एका सीडीवर बाबांच्या आणखी १९ फाइली सापडल्या, आणि तो कोड पुन्हा उघडावाच लागला.

पहिला तास वाईट गेला. सहाशे ओळी एकाच फाइलीत, एका फंक्शनचं नाव 'करा', दुसऱ्याचं 'करा२'. काय कशासाठी आहे ते सांगणाऱ्या टिपा जवळपास नाहीतच. खरंच लाज वाटली. दुसऱ्या कुणाचा कोड असता तर 'घाईत लिहिला असेल बिचाऱ्याने' म्हणून सोडून दिलं असतं. स्वतःच्या बाबतीत तेवढी माया चटकन येत नाही.

त्या रागातच मी साफसफाई काढली. अक्षरांच्या बदलाचे तक्ते दोन होते, एक व्यंजनांचा आणि एक मात्रांचा, आणि संपूर्ण मजकुरावरून दोनदा फिरणं चाललं होतं. दोन कशाला? एकच तक्ता केला, मात्रा वर ठेवल्या, लांबीनुसार लावला, म्हणजे जास्त अक्षरांचे गट आधी बदलतील. कोड निम्मा झाला. चालवून पाहिला तर पहिल्याच पानावर 'भेट' मोडलेली: भ चा पाय मोडलेला आणि पुढे ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकलेला काना-मात्रा.

हा शब्द जवळून बघण्यासारखा आहे. कृतिदेवमध्ये 'भेट' टाइप होते ती अशी: कॅपिटल एच, के, एस, कॅपिटल व्ही. कॅपिटल एच म्हणजे अर्धा भ. के त्याला दंड, म्हणजे उभी रेघ, देतो, तेव्हा तो पूर्ण भ होतो. एस ही मात्रा, व्ही हा ट. पण हाच के इतरत्र काना असतो, आणि के-एस जोडीने आले की 'को'मधला काना-मात्रा होतो. माझ्या नव्या तक्त्यात ही जोडी वर होती. तिने भ चा दंड पळवला आणि भ अर्धाच राहिला. थ, ध, ख, घ, श, ण सगळ्यांची हीच गत, कारण त्यांचाही दंड के नेच पुरा होतो.

म्हणजे दोन तक्ते गबाळेपणाने केलेले नव्हते. आधी व्यंजनं पुरी करायची आणि उरलेल्या के चा मग काना धरायचा, हे २०१३ सालच्या मला नीट कळलं होतं. कळलेलं लिहून ठेवलं नाही, एवढीच त्याची चूक. ते लक्षात आलं आणि राग ओसरला. त्यानंतर कोड वाचताना मी 'हे असं का केलं' असं विचारायला लागलो, खोडायच्या आधी.

वेलांटीचंही तसंच. कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी दिसते तशी आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. 'स्थिती'मध्ये तिला अर्धा स ओलांडून थ च्या मागे न्यावं लागतं. रफाराचा प्रवास उलट: तो शेवटी टाइप होतो आणि त्याला मात्रेसकट सगळं जोडाक्षर ओलांडून आधी यायचं असतं. जुन्या कोडमधला तो किचकट लूप हेच करत होता. एकही ओळ न बदलता उचलला, फक्त वर चार ओळींची टीप लिहिली.

तक्त्यांचा मार्ग शेवटी बदललाच, पण समजून. आता मजकूर डावीकडून उजवीकडे एकदाच वाचतो आणि प्रत्येक ठिकाणी जुळणारा सर्वांत लांब गट उचलतो. भ आधी जुळतो, मात्रा उरते, भेट शाबूत. पडताळणीसाठी जुना प्रोग्रॅम पायथन २.७ वर चालवून ४३ फाइलींचं फलित जपून ठेवलं आणि नव्याचं त्याच्याशी ओळीओळीने ताडून पाहिलं.

सर्वांत जास्त वेळ मात्र एका टिपेपाशी गेला. रोमन लिपीतली, एकुलती एक: 'बाबांना विचारणे, थारोळं रक्ताचं ना? इथे विहिरीवर कसं?' तेव्हा मी विचारलंच नव्हतं. परवा फोन केला. बाबा आता ८१ वर्षांचे आहेत. म्हणाले, "अरे, मोटेचं पाणी ज्यात पडतं ते थारोळं. तिथून पाटाला लागायचं. आम्ही पोरं त्यातच आंघोळी करायचो." पुढची वीस मिनिटं ते विहिरीवरच होते. मी टिपेखाली त्यांचं उत्तर लिहिलंय, देवनागरीत आणि तारखेसह. जुना प्रश्न तसाच ठेवला.

सध्याची स्थिती: ४३ फाइलींत मिळून ११ ओळी जुळत नाहीत. त्यांतल्या आठ 'ॲ'च्या आहेत. जुना कोड अ आणि चंद्र असे दोन घटक काढायचा, नवा ॲ हा स्वतंत्र वर्ण काढतो, जो युनिकोडमध्ये २००८ साली ५.१ आवृत्तीत आला. दिसायला दोन्ही सारखे, पण शोधात एक टाकलं तर दुसरं सापडत नाही, आणि युनिकोडचं सामान्यीकरणही (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याची प्रक्रिया) ते एक करत नाही. इथे नव्याचंच ठेवतोय. उरलेल्या तीन ओळींत रफार आणि अनुस्वार एकाच अक्षरावर आहेत, त्यांचा क्रम अजून लागलेला नाही. ते झालं की सीडीवरच्या १९ फाइली घेतो.