टेबल घेताना आधी उलटं करून बघा

मे महिन्यात रत्नागिरीला आजोळचं घर आवरायला गेलो होतो. मामाने घर भाड्याने द्यायचं ठरवलंय, त्यामुळे ज्याला जे हवं ते घेऊन जा म्हणाला. समया, पाट, पितळी डबे सगळ्याला लगेच घेणारे निघाले आणि माजघरातलं टेबल तसंच राहिलं, कारण पाच फूट लांब, तीन फूट रुंद आणि उचलायला चार माणसं लागणार, ते फ्लॅटमध्ये ठेवणार कुठे. मी म्हटलं मला द्या. पणजोबा कोर्टात कारकून होते, त्यांनी पडवीत मेस्त्री बसवून हे करून घेतलं असं आजी सांगायची, म्हणजे शंभर वर्षं तरी नक्की झाली असणार.

टेम्पोत चढवण्यासाठी अंगणात ते उलटं केलं आणि मी तिथेच बसून राहिले. वरून इतकी वर्षं बघितलेलं टेबल खालून मी कधी बघितलंच नव्हतं. खालच्या बाजूला रंध्याच्या खुणा होत्या, हात फिरवला की पाण्यावरच्या बारीक लाटांसारख्या लागतात, एकसारख्या नाहीत, कारण माणसाच्या हाताने रंधा मारला की प्रत्येक फटका थोडा वेगळा बसतो. वरची बाजू मेस्त्रीने आरशासारखी सपाट केलेली आणि खालची जेवढी हवी तेवढीच. आणि मग मला त्या खाचा दिसल्या. प्रत्येक पायाच्या वरच्या टोकाला पटाशीने मारलेल्या छोट्या खाचा, एका पायाला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, चौथ्याला चार, आणि त्या पायात घुसणाऱ्या आडव्या पट्टीवरही तेवढ्याच. म्हणजे प्रत्येक कुसू (पट्टीच्या टोकाची, पायाच्या भोकात बसणारी जीभ) त्याच्याच भोकासाठी तासलेला, दुसऱ्या पायात तो नीट बसणारच नाही, म्हणून जोडताना घोळ होऊ नये यासाठी ही मोजणी. ज्याने हे केलं त्याचं नाव घरात कोणालाच माहीत नाही. पण पटाशीच्या त्या खाचा बघताना तो माणूस समोर बसलाय असं वाटलं.

आमच्या इथले एक वयस्कर मेस्त्री आहेत, त्यांना दाखवलं कारण एक पाय हलत होता. त्यांनी पायाशी वाकून बघितलं आणि म्हणाले, "ताई, ह्यात एक पण खिळा नाय." खरंच नाही. कुसू भोकात घातलेला आणि त्यातून आरपार बांबूची मेख. यातली खरी हुशारी त्यांनी सांगितली तेव्हा कळली, मेखेसाठी पायात आणि कुसवात पाडायची भोकं एका रेषेत पाडतच नाहीत, कुसवातलं किंचित पट्टीच्या बाजूला सरकवून पाडतात, अगदी नखभर, मग मेख ठोकली की ती वाट काढताना कुसवाला आत ओढून घेते आणि सांधा स्वतःच घट्ट आवळला जातो. क्लॅम्प नाही, स्क्रू नाही. शंभर वर्षं तो सांधा त्या बोटाएवढ्या बांबूच्या तुकड्याने धरून ठेवलाय.

वरच्या फळीचं पण तसंच. फळी चौकटीला सरसाने (जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या गोंदाने) चिकटवून टाकलेली असेल असं मला वाटायचं, तर नाही, खालून छोटे लाकडी ठोकळे आहेत, त्यांची एक बाजू फळीला पक्की आणि दुसरी चौकटीच्या खाचेत नुसती अडकवलेली. कारण लाकूड आडव्या अंगाने फुगतं आणि आकसतं, लांबीत जवळजवळ नाहीच. कोकणात पावसाळ्यात तीन फूट रुंदीची फळी चांगली जाणवण्याइतकी फुगते आणि मे महिन्यात परत बसते, ती जखडून टाकली असती तर कधीच मधोमध तडकली असती. म्हणून तिला सरकायला जागा दिलेली. (जुनी गोल टेबलं मोजून बघा, टेप लावला की एका बाजूला थोडी कमी भरतात, गोल असलेलं टेबल वर्षानुवर्षांच्या आकसण्याने अंडाकृती झालेलं असतं. जुनं टेबल ओळखायची ही एक चांगली खूण आहे, पूर्ण गोल असलं तर मला शंका येते.)

ड्रॉवर बाहेर काढला तर कोपऱ्यांना डव्हटेल सांधे, म्हणजे कबुतराच्या पसरलेल्या शेपटीसारखे दात एकमेकांत अडकवलेले, ओढलं तरी सुटत नाहीत. मशीनवर केलेले सगळे दात सारख्या मापाचे असतात, यातले एक रुंद, एक अरुंद, आणि प्रत्येकाच्या बुडाशी खुणेसाठी ओढलेली बारीक रेघ अजून दिसते. आतल्या फळीवर निळ्या शाईचा बशीएवढा डाग आहे. दौत सांडली असणार, तो मी काढणार नाहीये.

लाकूड बर्मा सागवान, मेस्त्रींनी बघताक्षणी सांगितलं. वरचा पृष्ठभाग फक्त दोन फळ्यांचा आहे, एकेक दीड फूट रुंद, सरळ रेघांचं, गाठ म्हणून नाही, एवढी रुंद फळी निघायला केवढं झाड लागलं असेल. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असतं म्हणून वाळवी सहसा त्याला लागत नाही, सालीकडचं पांढरं लाकूड मात्र खाते, आणि जुने मेस्त्री ते पांढरं लाकूड काढूनच टाकायचे. ब्रह्मदेशात झाड तोडायच्या आधी बुंध्याभोवती साल आणि खालचं लाकूड गोलाकार कापून ठेवायचे, झाड उभ्याउभ्याच मरायचं आणि दोन-तीन वर्षं जागेवर सुकायचं, कारण ओला साग पाण्यात तरंगत नाही आणि ओंडके न्यायचे होते नदीतून. हत्तींनी ओढून नदीपर्यंत, मग तराफे बांधून इरावतीतून रंगूनला, तिथून जहाजाने मुंबई.

आणि हे टेबल रत्नागिरीत असावं हे मला विशेष वाटतं, कारण याच सागावरून झालेल्या भांडणाने ब्रह्मदेशचा राजा आमच्या गावात आला. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही 1863 साली सुरू झालेली कंपनी तिकडच्या जंगलातून साग काढायची, कंपनीने ओंडके कमी दाखवून पैसे बुडवले म्हणून राजा थिबाच्या दरबाराने तिला मोठा दंड ठोठावला, इंग्रजांना आयतंच निमित्त मिळालं, 1885 च्या नोव्हेंबरमध्ये त्याची राजधानी मंडाले पडली आणि राजाला कुटुंबासकट आधी मद्रासला आणि मग 1886 मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. लहानपणी थिबा पॅलेस म्हणजे आम्हाला नुसती फिरायला जायची जागा. तो राजवाडा 1910 मध्ये बांधून झाला, म्हणजे राजाने पहिली चोवीसेक वर्षं दुसऱ्यांच्या बंगल्यात काढली, आणि 1916 मध्ये तो रत्नागिरीतच वारला. त्याच्या जंगलातलं लाकूड आमच्या पडवीत कोणीतरी तासत होतं, कदाचित तो वाड्यात जिवंत असतानाच. आता म्यानमारने 2014 पासून कच्च्या ओंडक्यांची निर्यात बंद केलीये, बाजारात साग म्हणून मिळतो त्यातला बराचसा आफ्रिका नाहीतर दक्षिण अमेरिकेतल्या लागवडीचा असतो. ही फळी परत मिळणारी नाही.

म्हणून पुढचं जरा कळकळीने लिहितेय. आठ-नऊ वर्षांपूर्वी सासरचं शिसवी टिपॉय मी पुण्यात एका पॉलिशवाल्याकडे दिलं होतं, "नव्यासारखं करून द्या" असं मीच सांगितलं. त्याने सँडर मशीन फिरवलं, वरचा दोन-तीन मिलीमीटर थर गेला, कडेचं कोरीव काम बोथट झालं, पाकळ्यांच्या रेघा पुसल्या, आणि वर चकचकीत पीयू (पॉलियुरेथेन) कोट. तीन पिढ्यांच्या हातांनी आलेला तो काळाभोर मऊ रंग गेला तो गेलाच. त्याला मी दोष देत नाही, मी जे मागितलं ते त्याने दिलं. आजही त्याच्यावर चहाचा कप ठेवताना वाईट वाटतं.

त्यामुळे या टेबलाला मशीन लावू दिलं नाही. मेस्त्रींनी आधी खालच्या कोपऱ्यात कापसाने थोडं स्पिरिट लावलं, तिथे चिकट झालं, म्हणजे जुनं लाखेचं पॉलिश. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून मलमलच्या कापडात कापूस बांधून गोल गोल फिरवत चढवलेले कितीतरी पातळ थर. याचा फायदा असा की खरवडावं लागत नाही, पॉलिशचा नवा थर लावला की त्यातलं स्पिरिट जुन्याला थोडं विरघळवतं आणि दोन्ही एक होतात. आम्ही फक्त टर्पेंटाइनच्या बोळ्याने वर्षानुवर्षांचा मळ काढला, पाण्याचे पांढरे डाग पडले होते तिथे थोडी लाख फिरवली आणि शेवटी मधमाशीचं मेण. जवसाचं तेल वापरणार असाल तर भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, बाहेर मोकळ्या हवेत पसरून वाळवा.

हलणारा पाय सोडवायला मेस्त्रींनी गरम पाण्याचं फडकं सांध्याला लावलं, थोड्या वेळाने जुना सरस मऊ झाला आणि कुसू अलगद बाहेर आला, अजिबात न फाटता. फेव्हिकॉल असता तर इतक्या सहज सुटला नसता. मी विचारलं की परत काय लावणार, तर डब्यातून सरसाचे पिवळट खडे काढले आणि वाटीत भिजत घातले. "जो नंतर खोलेल त्याला पण खोलता आलं पाहिजे नं." नवी मेख त्यांनी बांबूचीच केली, पण पायावरच्या त्या तीन खाचांना हात लावला नाही.

टेबल आता हॉलमध्ये खिडकीशी आहे. जूनपासून ड्रॉवर अडकतोय, दोन्ही हातांनी ओढावा लागतो. मेस्त्रींना फोन केला तर म्हणाले, "तासू नका, दिवाळीपर्यंत थांबा, आपोआप मोकळा होईल, तोपर्यंत कडेला मेणबत्ती घासा." घासलीये.