तडजोडीच्या आधीचा प्रश्न

ब्रॅडफर्ड, फेब्रुवारी, बुधवार रात्र

लघुशोधप्रबंधाचा विषय आज निश्चित केला. उत्तर आयर्लंड किंवा कोलंबिया घ्यावा, त्यांवर साहित्य विपुल आहे, असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला होता. पण मी महाराष्ट्रातील महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम, म्हणजे गावातले तंटे गावच्याच समितीने सामोपचाराने मिटवण्याची मोहीम, घेतली आहे. शांतता हा विषय शिकायला एवढ्या दूर आल्यावर गावाकडच्या बांधांच्या वादांवर का लिहायचे, असे आईने फोनवर विचारले. तिला दिलेले उत्तर मलाच पुरेसे वाटले नाही, म्हणून ते इथे सविस्तर लिहिते आहे.

इथल्या विद्यापीठाच्या ज्या शांतता-अभ्यास विभागात मी शिकते तो १९७३ मध्ये क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या पुढाकाराने सुरू झाला आणि अ‍ॅडम कर्ल हे त्याचे पहिले प्राध्यापक. १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धानंतर आणि पुढे नायजेरिया-बियाफ्रा युद्धात त्यांनी क्वेकरांच्या वतीने दोन्ही बाजूंशी बोलणी केली होती, त्यामुळे त्यांचे लेखन वाचताना आपण प्रत्यक्ष मध्यस्थी केलेल्या माणसाचे म्हणणे ऐकतो आहोत हे सतत जाणवते. समान बळाच्या पक्षांतील संघर्ष आणि विषम बळाच्या पक्षांतील संघर्ष यांत ते स्पष्ट भेद करतात. जिथे एक पक्ष दुसऱ्यावर अवलंबून असतो तिथे वाटाघाटी ही पहिली पायरी होऊच शकत नाही. आधी दुर्बळ पक्षाला आपल्या स्थितीचे भान यावे लागते, मग त्याने उघड आव्हान द्यावे लागते, आणि त्या आव्हानाने पारडी थोडी जवळ आली म्हणजे मग बोलण्याला अर्थ येतो. ज्या माणसाने आयुष्यातील इतका काळ समेट घडवण्यात घालवला, त्यानेच संघर्ष कधी कधी वाढू द्यावा लागतो असे लिहावे, हे मला फार प्रामाणिकपणाचे वाटते.

आजच्या परिसंवादात मात्र चर्चा मोजमापाची होती. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संघर्षविषयक नोंदींत, एखाद्या संघर्षात वर्षभरात किमान २५ माणसे लढाईत मृत्युमुखी पडली तरच तो सशस्त्र संघर्ष म्हणून धरला जातो आणि १००० मृत्यूंपासून त्याला युद्ध म्हणतात. अशी रेषा कुठेतरी आखावीच लागते, नाहीतर तुलना करता येणार नाही. ते मला मान्य आहे. पण योहान गाल्टुंग यांनी १९६९ मध्ये मांडलेली संरचनात्मक हिंसेची कल्पना, म्हणजे कोणीही हात न उगारता समाजाच्या रचनेतूनच माणसांचे नुकसान होत राहणे, ही कोणत्या रकान्यात बसवायची, असे मी विचारले आणि उदाहरण म्हणून महाडचे नाव घेतले.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांनाही खुले करावेत असा बोले ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला आणि १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचे जाहीर केले. तरीही अस्पृश्य मानलेली माणसे तळ्यावर जाऊ शकली नाहीत आणि १९२६ पर्यंत गावात त्यावरून उघड भांडणही झाले नाही. त्या काळी तंट्यांची नोंदवही ठेवली असती, तर या बाबतीत महाडचे पान कोरेच राहिले असते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबतचे लोक तळ्याचे पाणी प्यायले, त्यानंतर त्या लोकांवर हल्ले झाले, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, वाद न्यायालयात गेला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल मार्च १९३७ मध्ये लागला. वहीतली सगळी अशांतता १९२७ पासून सुरू झालेली दिसेल आणि ती सुरू करणारे कोण, तर पाणी प्यायलेले लोक! कर्ल यांच्या पायऱ्या मला महाडवरून जितक्या नीट कळल्या तितक्या कोणत्याही परदेशी उदाहरणावरून कळल्या नाहीत. हे ऐकून कोलंबियाहून आलेली माझी सहाध्यायी तिच्याकडच्या जमिनींबद्दल बराच वेळ बोलत राहिली.

तंटामुक्तीकडे मी याच नजरेने पाहते आहे. १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यभर सुरू झालेल्या या मोहिमेबद्दल मला मनापासून आदर आहे. माझे चुलते काही काळ आमच्या गावच्या समितीवर होते. बांध कोरल्याचे, पाण्याच्या पाळीचे, शेतरस्ता अडवल्याचे कितीतरी वाद त्यांनी पारावर बसून मिटवले. तहसील आणि न्यायालयाच्या खेपांत दोन पिढ्या जाण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरे. दोघेही खातेदार, दोघांचेही भावकीत वजन सारखे, दोघांनाही उद्या एकमेकांच्या शेतातून बैलगाडी न्यायची आहे, अशा ठिकाणी समितीचे काम खरोखर चोख चालते.

पण समितीच्या त्याच नोंदवहीत जमिनीच्या वाटणीचे वादही असतात. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये कायदा बदलून मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलांइतकाच हक्क दिला. तरी माझ्या आत्याने साडीचोळीवर हक्कसोडपत्र करून दिले आणि तिच्या वयाच्या बहुतेक बायकांनी तेच केले आहे. कोणी दमदाटी केली नव्हती. हिस्सा मागितला तर माहेर तुटेल, दिवाळीला कोणी न्यायला येणार नाही, एवढे तिला न सांगता माहीत होते. एखादीने तोंड उघडलेच, तर चार वडीलधारी माणसे तिला समजावतात आणि कागदावर ‘आपसांत तडजोड’ असा शेरा पडतो. बांधाच्या वादाखालीही हाच शेरा असतो. या दोन तडजोडी एकाच संख्येत मिळवून गावाला शांत ठरवणे मला आता पटत नाही, आणि मध्यस्थाने निःपक्ष राहावे हे पाठ्यपुस्तकातले वाक्यही अशा ठिकाणी मला अपुरे वाटते. कारण तिथे निःपक्ष राहणे म्हणजे भावाच्या बाजूला उभे राहणेच असते.

म्हणून प्रबंधात किती तंटे मिटले हे मी मोजणार नाही. मिटलेल्या प्रत्येक तंट्याबद्दल तो समितीपुढे कोणी आणला, बैठकीत कोण कोण बसले होते, आणि तडजोड नाकारली असती तर कोणत्या पक्षाचे काय गेले असते, हे विचारायचे आहे. शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड आहे, कारण त्याचे उत्तर दप्तरात मिळणार नाही. त्यासाठी घरोघरी जाऊन बायकांशी, तेही घरातले पुरुष शेतावर गेल्यावर, बोलावे लागेल. मार्गदर्शक बाईंनी उद्याच संशोधन-नीतीचा अर्ज भरायला सांगितला आहे, आणि मुलाखत दिल्यामुळे एखादीचे माहेर दुरावणार नाही याची काळजी मी कशी घेणार, हे त्यात लिहून द्यायचे आहे. जुन्या वह्या ग्रामपंचायतीत अजून जपून ठेवल्या आहेत का, याची चौकशी करायला काकांना कळवले आहे. आत्याशी मात्र मी स्वतःच बोलणार आहे, आणि तिने नको म्हटले तर तिची हकिगत प्रबंधात येणार नाही.