अ‍ॅशबर्नचे श्रोते

मिरजेच्या तीन मुलांचे एक गाणे एका गुरुवारी सकाळी सर्व स्ट्रीमिंग सेवांवरून नाहीसे झाले आणि त्याच संध्याकाळी ते मेलबर्नच्या एका सामुदायिक रेडिओवर सलग सात मिनिटे, शेवटचा सूर विरेपर्यंत वाजले. या दोन घटनांचा एकमेकींशी काहीही संबंध नव्हता, परंतु दोन्ही माझ्याच टेबलावर येऊन पडल्या.

स्वतंत्र कलाकारांचे संगीत परदेशातील श्रोत्यांपर्यंत पोहोचवणे हे माझे काम आहे. ऐकणाऱ्याला ते झगमगीत वाटते, पण त्याचा बहुतेक भाग पत्रव्यवहारात जातो. या तिघांपैकी एकाच्या घरात पिढ्यांपासून सतारी आणि तंबोरे तयार होतात. मिरजेच्या या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ती याच मंडळींच्या हातची वाद्ये. गाण्याची पहिली पाऊण मिनिट फक्त तंबोरा आहे, मग संबळ आणि बेस गिटार येतात आणि त्यानंतर गाणाऱ्याचा आवाज. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा घुमारा, इतकी सुरेख लागली आहे की केवळ त्या पाऊण मिनिटासाठी मी हे काम अर्ध्या मोबदल्यात स्वीकारले.

सर्वप्रथम मी त्यांच्या माहितीपत्रातून ‘इंडियन फ्यूजन’ हे शब्द काढून टाकले. त्या नावाखाली आलेली फाइल परदेशातील रेडिओ निवेदक सहसा उघडत नाहीत. त्यांना पुढे काय येणार हे आधीच ठाऊक असते. याउलट, एकाच स्वरावर दीर्घकाळ रेंगाळणारे संगीत आवडीने ऐकणारा एक छोटा पण निष्ठावान वर्ग युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात आहे, आणि हे गाणे त्याचे होते. परदेशातील मराठी मंडळांकडे मी गेलोच नाही. तिथे नाट्यगीत आणि भावगीत यांना मानाचे पान असते, आणि नवे मराठी गाणे त्यांना इथल्या चित्रपटात गाजल्यावरच ऐकू येते, असे माझे मत आहे आणि ते बदलण्याची संधी मला अद्याप कोणी दिलेली नाही.

रेडिओसाठी गाणे पाठवण्याची एक शिस्त असते. ईमेलला गाणे जोडायचे नाही, मुदत न संपणारा दुवा द्यायचा. फाइलमध्येच कलाकाराचे नाव, लांबी आणि आयएसआरसी हा अक्षरे आणि अंक मिळून बारा चिन्हांचा ध्वनिमुद्रणाचा ओळखक्रमांक भरलेला असला पाहिजे, कारण ती केंद्राच्या संगणकात गेल्यावर ईमेल कोणी शोधत बसत नाही. अमेरिकन केंद्रांना अश्लील शब्दांच्या प्रसारणाबद्दल फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या तिथल्या नियामक संस्थेपुढे जबाबदार राहावे लागते, आणि मराठी न समजणारा निवेदक केवळ त्या भीतीने गाणे बाजूला ठेवतो. म्हणून मी प्रत्येक गाण्याचे ओळीगणिक भाषांतर सोबत पाठवतो. कॅनडातील व्यावसायिक केंद्रांवर लोकप्रिय संगीतापैकी किमान ३५ टक्के कॅनडाचे असावे लागते, तर ऑस्ट्रेलियाच्या सामुदायिक केंद्रांवरही ऑस्ट्रेलियन संगीताचा किमान वाटा ठरलेला असतो. उरलेल्या जागेत सगळे जग रांगेत उभे असते. शिवाय अमेरिकेतील एफएमवर गाणे वाजले तर गीतकार आणि संगीतकाराला मानधन मिळते, गाणाऱ्याला एक पैसाही मिळत नाही, हे मी प्रत्येक नव्या कलाकाराला सांगतो आणि प्रत्येकाला ते खोटे वाटते.

प्रकाशनानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात एका स्ट्रीमिंग सेवेवर त्यांचे आकडे अचानक चढले. दिवसाला चाळीस-पन्नास वेळा ऐकले जाणारे गाणे हजारोंच्या घरात गेले आणि शहरांच्या यादीत पहिले नाव होते व्हर्जिनिया राज्यातील अ‍ॅशबर्न. आमच्या व्यवसायात हे नाव वाचले की पोटात गोळा येतो. डेटा सेंटरांची जगातील सर्वांत दाट वस्ती त्या परिसरात आहे, आणि यंत्रांकरवी ‘ऐकलेली’ गाणी अशाच ठिकाणच्या पत्त्यावर नोंदली जातात. श्रोते थोडे होते, प्रत्येकाच्या नावावर ऐकण्याची संख्या प्रचंड होती, पण एकानेही ते गाणे जपून ठेवले नव्हते. साधारणपणे ३० सेकंद ऐकले की एक नोंद धरली जाते आणि यंत्रे त्यापुढे फारसा वेळ घालवत नाहीत. म्हणजे या हजारो ‘श्रोत्यां’पर्यंत गाणाऱ्याचा आवाज पोहोचलाच नव्हता.

हे मी फोनवर सांगेपर्यंत सांगलीच्या एका दैनिकात ‘मिरजेच्या तरुणांचा अमेरिकेत डंका’ असा मथळा छापून आला होता. गाणारा मुलगा म्हणाला, “दादा, अ‍ॅशबर्नला आपली माणसं हायत की. आमच्या आत्याचा पोरगा तिथंच ऱ्हातोय.” हे अगदी खरे होते, त्या भागात भारतीयांची मोठी वस्ती आहे. त्यामुळे माझा संशय त्यांना पटवणे अवघड होते आणि त्यांचे निर्दोषत्व इतरांना पटवणे त्याहून अवघड.

शोध घेतल्यावर गाणे एका निनावी प्लेलिस्टमध्ये सापडले. आकडे विकणारे लोक अशा याद्या चालवतात आणि पैसे देणाऱ्यांची गाणी उठून दिसू नयेत म्हणून मधूनमधून कोणाचीही गाणी पेरतात. आमचे गाणे तसे पेरलेले असू शकत होते. कोणीतरी विकत घेतलेलेही असू शकत होते. गाणे सर्व सेवांवर चढवणाऱ्या वितरक कंपनीला मी स्वतःहून कळवले, यादीचे दुवे दिले, तारीखवार आकडे जोडले. उत्तर आले ते त्या गुरुवारी सकाळी: कृत्रिम श्रवण आढळल्यामुळे गाणे सर्व सेवांवरून काढण्यात आले आहे आणि दंडाची रक्कम कलाकाराच्या खात्यातून वळती केली जाईल. तक्रार करणारा आणि आरोपी यांच्यासाठी त्यांच्याकडे एकच मसुदा असावा. आम्ही आकडे विकत घेतले नाहीत याचा पुरावा द्या, असे शेवटी लिहिले होते. न केलेल्या व्यवहाराची पावती कोणत्या फाइलमध्ये सापडते, हे त्या मसुद्यात नव्हते.

मेलबर्नच्या निवेदिकेला मी अनेक आठवड्यांपूर्वी लिहिले होते आणि तिच्याकडून उत्तर आले नव्हते. त्या संध्याकाळी, म्हणजे तिथल्या रात्री, तिने गाणे पूर्ण वाजवले, तंबोरा कुठे तयार झाला हेही सांगितले आणि मग वाजवलेल्या गाण्यांची यादी दुव्यांसह प्रसिद्ध केली. तो दुवा सकाळीच मेला होता. तिने मला लिहिले की श्रोते गाणे शोधत आहेत आणि ते कुठेच सापडत नाही. सुदैवाने बँडकॅम्पवर, म्हणजे कलाकार जिथे थेट श्रोत्यांना गाणी विकतात त्या संकेतस्थळावर, गाणे आम्ही वितरकाला मध्ये न घेता स्वतः ठेवले होते; मी तिला तो पत्ता दिला आणि तिने यादी तत्काळ दुरुस्त केली. रात्रीपर्यंत मोजक्या लोकांनी गाणे विकत घेतले. बँडकॅम्पचा १५ टक्के वाटा आणि पैसे देशात आणण्याचा खर्च वजा जाऊनही ती रक्कम अ‍ॅशबर्नच्या त्या सगळ्या आकड्यांतून, ते खरे असते तरी, मिळाली असती त्याहून जास्त होती. एका खरेदीदाराने विचारले होते की ते तंबोरे विकत मिळतात का.

बऱ्याच पत्रव्यवहारानंतर गाणे त्याच आयएसआरसी क्रमांकासह परत आले, खोटे आकडे वजा झाले, पण दंड परत मिळाला नाही. आकडे कोणी विकत घेतले का, हे मला आजही ठाऊक नाही. तिघेही शपथेवर नाही म्हणतात आणि माझा त्यांच्यावर विश्वास आहे. मात्र बेस वाजवणाऱ्याचा चुलतभाऊ सांगलीत ‘डिजिटल मार्केटिंग’चे दुकान चालवतो, हे मला नंतर कळले, आणि त्याला मी काही विचारलेले नाही. विचारून जे उत्तर मिळेल ते कोणतेही असले तरी त्याची मला खात्री वाटणार नाही.

दरम्यान पुण्यातील एका महोत्सवाच्या आयोजकांनी या तिघांना बोलावणे पाठवले आहे, तेही ‘अमेरिकेत डंका’ या कात्रणावरून. मी त्यांना मेलबर्नच्या कार्यक्रमाची यादी आणि ध्वनिमुद्रण पाठवले. त्यावर काही बोलणे झाले नाही; जाहिरातीत छापण्यासाठी अमेरिकेतील श्रोत्यांचा नेमका आकडा तेवढा त्यांनी पुन्हा मागितला आहे. मुलांना हा कार्यक्रम हवा आहे, मानधनही बरे आहे, आणि आकडा पाठवू नका असे त्यांनी मला सांगितलेले नाही. तो ईमेल अजून अनुत्तरित आहे.