दोन्ही हात हँडलवर

फुटेजला ६५-बचं प्रमाणपत्र (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणारा पुरावा कायद्यातला कागद) नाही म्हणून हरकत घेणं हा माझा हातखंडा. सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या खोतकर–गोरंट्याल निकालात ते सक्तीचं ठरवल्यावर तर फारच सोपं झालं होतं. त्याच कागदासाठी मीच नाशिकच्या सत्र न्यायालयात काकुळतीला आलेला पाहून सरकारी वकील गालातल्या गालात हसत होते.

अशील नाशिकच्याच द्वारका चौकातला रिक्षावाला. २०२३ मध्ये सिग्नलवर हवालदाराने चावी काढून घेतली, बाचाबाची झाली आणि दंड संहितेचं कलम ३५३ लागलं. आपण सरसकट ‘सरकारी कामात अडथळा’ म्हणतो, पण नुसता अडथळा कलम १८६ मध्ये येतो: तीन महिने, पाचशे रुपये दंड. ३५३ ला हल्ला किंवा बळाचा वापर लागतो. महाराष्ट्राने २०१८ मध्ये त्याची शिक्षा पाच वर्षांवर नेली. (दंड संहितेच्या जागी आलेल्या न्याय संहितेच्या कलम १३२ मध्ये आता दोनच आहेत, पण ती १ जुलै २०२४ पासून. आमचं नशीब त्याआधीचं.) थोडक्यात, सगळं अडलं होतं एका कॉलरवर. फिर्यादीत लिहिलं होतं, ‘गचांडी धरली’.

हवालदाराच्या छातीवर बॉडी कॅमेरा होता. चार्जशीटमध्ये त्याचा उल्लेखच नाही! फुटेज मागवायला फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९१ खाली अर्ज केला, दोन तारखांनी सीडी आली, प्रमाणपत्राला आणखी एक तारीख.

उलटतपासणीत विचारलं, “कॉलर कोणत्या हाताने धरली?”

“उजव्या.”

फुटेज लावलं. माणूस जवळ आला की या कॅमेऱ्यातून त्याचा चेहरा जातो, शर्टाची बटणं उरतात. पण हात दिसत होते, दोन्ही हँडलवर. आवाज स्वच्छ. “साहेब, चावी द्या, मागे पेशंट आहे.” तीनदा. मग हवालदार वळला, चित्र हललं, क्षणभर नुसतं आभाळ. त्या आभाळाला सरकारी वकील शेवटपर्यंत चिकटून राहणार, हे मला तिथेच कळलं. आणि त्यातच ऐकू आली आईवरून एक सणसणीत शिवी. माझ्या अशिलाच्या तोंडची. मला तर गळ्याची शपथ घेऊन सांगितलं होतं, ब्रसुद्धा काढला नाही म्हणून.

मागच्या बाकावर त्याची आई बसली होती. मागे बसलेली पेशंट तीच.

बाहेर टपरीवर चहा घेताना त्याने हळूच विचारलं, “वकीलसाहेब, तेवढी शिवी कापता आली नसती का?”

म्हातारीने कटिंग संपवला, ग्लास ठेवला आणि रिक्षात जाऊन बसली.