कार्ड बसलं, ड्रायव्हर काही पोचेना

आमचा घरचा पीसी २००० सालचा, असेंबल केलेला. सेलेरॉन ५३३ प्रोसेसर, ६४ एमबी रॅम, विंडोज ९८ सेकंड एडिशन आणि इंटेल ८१० चिपसेटचा मदरबोर्ड. मिडटाउन मॅडनेस हा गाड्यांचा जुना गेम त्यावर अडखळायचा, म्हणून आता त्यात ग्राफिक्स कार्ड टाकायचं ठरवलं. त्या काळी कमी पैशात पीसी हवा म्हटलं की ८१० गळ्यात मारला जायचा, कारण ग्राफिक्स त्यातच असतं, वेगळं कार्ड घ्यायला नको. हे ग्राफिक्स मेमरीसाठी पीसीच्याच रॅमवर हात मारतं. वर बोर्डाला एजीपी स्लॉट, म्हणजे ग्राफिक्स कार्डासाठीची खास खाच, नाहीच. ‘कार्ड काय, पुढे कधीतरी टाकू’ म्हणणाऱ्यांना पुढे कधीतरी कळायचं की ते टाकायला जागाच ठेवलेली नाही. (८१५ चिपसेटवाल्यांनी हे वाचायची गरज नाही. बहुतेक ८१५ बोर्डांवर एजीपी असतो. मजा करा.)

उरतो पीसीआय स्लॉट, म्हणजे सगळ्या प्रकारच्या कार्डांसाठीची साधी खाच. मी जीफोर्स २ एमएक्स ४०० हे एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड पीसीआयमध्ये शोधलं आणि मिळालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. एवढंच, की विकणारे पीसीआय एक्सप्रेस या नव्या, वेगळ्या स्लॉटच्या कार्डालाही सरळ ‘पीसीआय’ म्हणून मोकळे होतात. नुसत्या नावावर पैसे देऊ नका, कार्डाच्या कडेच्या सोनेरी पट्टीचा फोटो मागवा आणि आपल्या स्लॉटशी ताडून बघा.

कार्ड बसवणं म्हणजे एक स्क्रू. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगमध्ये) ‘इनिट डिस्प्ले फर्स्ट’ ऑनबोर्डवरून पीसीआयवर आणलं, मॉनिटरची वायर नव्या कार्डाला लावली आणि विंडोज उघडलं. ६४० बाय ४८०, सोळा रंग. आयकॉन ताटाएवढे. ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला कार्ड ओळखायला लावणारं सॉफ्टवेअर, टाकला की झालं.

इथून पुढे माझं डोकं फिरलं, आणि अजून ते पुरतं जागेवर आलेलं नाही.

ड्रायव्हर माझ्या लॅपटॉपवर होता. लॅपटॉप एका टेबलावर, पीसी शेजारच्या टेबलावर. मधलं अंतर हात लांब केला तर संपेल इतकं. पण विंडोज ९८ ला पेन ड्राइव्ह ओळखता येत नाही. यूएसबी पोर्ट आहे, त्यात पेन ड्राइव्ह जातो, दिवाही लागतो. मग खिडकी उघडते आणि विचारते, याचा ड्रायव्हर कुठे आहे? तो ड्रायव्हर हौशी लोकांनी बनवलेला आहे, फुकट मिळतो, आणि तोही लॅपटॉपवरच होता. म्हणजे पेन ड्राइव्हचा ड्रायव्हर न्यायला पेन ड्राइव्ह चालायला हवा.

भाचा शेजारी उभा राहून बघत होता. म्हणाला, “मामा, ब्लूटूथने पाठव ना.” मी त्याला चहा करायला पाठवलं.

मग सीडी. लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नाही, तरी मित्राचा बाहेरून लावायचा रायटर आणून सीडी लिहिली. पीसीच्या ड्राइव्हने ती आत घेतली, घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला आणि ड्राइव्ह रिकामा आहे असं सांगून मोकळा झाला. लेन्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. त्यानंतर विंडोजची मूळ छापील सीडी व्यवस्थित वाचू लागला, घरी लिहिलेली मात्र नाहीच. जुन्या ड्राइव्हचं हे ठरलेलं दुखणं आहे. लेन्स म्हातारी झाली की छापील सीडी चालते आणि लिहिलेली चालत नाही. सगळ्यात कमी वेगावर लिहून बघा म्हणतात. बघितलं.

फ्लॉपीत मावतं १.४४ एमबी आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर त्याच्या कितीतरी पट. तुकडे करून नेता येतो, पण त्यासाठी फ्लॉपी धड हव्यात. माळ्यावरच्या डब्यातल्या फ्लॉपींची झडप सरकवून पाहिलं तर आतल्या चकतीवर बुरशीचे पांढरे ठिपके. पुण्यातले पावसाळे त्यांनी फुकट काढले नव्हते. बुरशी लागलेली फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नका, हेड खराब होतं आणि मग चांगली फ्लॉपीही वाचली जात नाही.

नेटवर्क? लॅन कार्ड टाकता येतं. त्यालाही ड्रायव्हर लागतो. कसाबसा तो टाकला तरी त्या काळचा ब्राउझर आजच्या बहुतेक साइट उघडत नाही, आणि आजचं विंडोज जुन्या पद्धतीचं फोल्डर शेअरिंग आपणहून चालू ठेवत नाही. एफटीपीने (फाइली पाठवायच्या जुन्या पद्धतीने) जमतं, पण मुळात लॅन कार्डाच्या ड्रायव्हरपाशीच घोडं अडलेलं.

शेवटी पीसी पुन्हा उघडला आणि हार्ड डिस्कच बाहेर काढली. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत, आयडीई (जुन्या हार्ड डिस्कची जोडणी) ते यूएसबी अडॅप्टर विचारत फिरलो. बहुतेकांनी मान हलवली. एका दुकानात काउंटरवरचे गृहस्थ माझ्याकडे नीट बघून म्हणाले, “साहेब, आयडीई? अजून आहे तुमच्याकडे?” आणि स्टुलावर चढून वरच्या खोक्यातून काढून दिला. घेताना त्याबरोबर पॉवरचा वेगळा अडॅप्टर आहे ना, बघा. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात आणि ते यूएसबीतून मिळत नाहीत. डिस्कच्या मागचा जंपर (पिनांवर बसणारी छोटी टोपी) ‘मास्टर’वर ठेवा. एफएटी ३२ या जुन्या फॉरमॅटमधली डिस्क आजचा लॅपटॉप सहज वाचतो. सी ड्राइव्हवर फोल्डर केला, ड्रायव्हर कॉपी केला. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच झालंसुद्धा! इतका राग मला त्या आधीच्या सगळ्या खटपटीत आला नव्हता.

पुढचं सुरळीत. मात्र एक गोष्ट आधी करायची असते, ती इथे सांगतो: नवं कार्ड लावण्यापूर्वी डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन इंटेलचा जुना डिस्प्ले ड्रायव्हर काढून टाका आणि पीसी बंद करा, म्हणजे दोघांची भांडणं होत नाहीत. तसंच मूळ सीडीवरचा ‘विन९८’ फोल्डर आधीच हार्ड डिस्कवर उतरवून ठेवा. ड्रायव्हर टाकताना विंडोज हमखास सीडी मागतं, तेव्हा त्याला तो फोल्डर दाखवायचा.

एनव्हिडियाने विंडोज ९८ साठी ८१.९८ या आवृत्तीपर्यंत ड्रायव्हर काढले. मी ४५.२३ टाकला. जुन्या कार्डाला जुनाच बरा, उगाच शेवटचा आहे म्हणून घेऊ नका.

मिडटाउन मॅडनेस आता ८०० बाय ६०० वर अडखळत नाही. गाडी वळवली की वळते, पूर्वी आधी इमारत यायची आणि मग वळण. पीसीआयचा वेग सेकंदाला १३३ एमबी, तोही साउंड कार्डाबरोबर वाटून घ्यायचा, तेव्हा एजीपीची सर येणार नाही. पण ८१० च्या तुलनेत चैन आहे. रोड रॅशसाठी कुणी कार्ड घेणार असेल तर घेऊ नका, त्याला काही फरक पडत नाही.

आणि हो, डिस्क लॅपटॉपला लावलेली असतानाच पेन ड्राइव्हचा तो ड्रायव्हरही तिच्यावर टाकून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी स्क्रूड्रायव्हर शोधायला नको. पेन ड्राइव्ह एफएटी ३२ मध्ये फॉरमॅट केलेला ठेवा.